पाटोद्याला एक प्राध्यापक हवा

2019 साली बीड जिल्ह्यातल्या बायकांविषयी दोन आकडे सरकारदरबारी नोंदले गेले. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जूनमध्ये विधान परिषदेत सांगितलं की, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. मग परिषदेच्याच सदस्य नीलम गोऱ्हे यांच्या पुढाकारानं समिती नेमली गेली आणि गावोगाव पाहणी झाली. ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 महिलांना विचारलं, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींचं गर्भाशय आधीच काढलेलं निघालं. दर सहा जणींमागं एक.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्या वेळी रुग्णालयाला विचारलं होतं, दुसऱ्या वेळी बाईला. रुग्णालयानं आपल्या दप्तरात तीन वर्षांत जे उतरलं तेवढं दिलं. बाईनं तिच्या आयुष्यात जे झालं ते सांगितलं. ते कोणत्या साली झालं आणि कोणत्या गावच्या दवाखान्यात, याचं बंधन तिच्या उत्तराला नव्हतं. पहिल्यात ऊसतोड नसलेल्या बायकाही आहेत, दुसऱ्यात फक्त ऊसतोडीच्या. वर्तमानपत्रांनी दोन्ही आकडे छापले, टीव्हीवर चर्चा झाल्या, आणि या दोन आकड्यांत जे अंतर आहे त्याकडं कुणी फारसं पाहिलं नाही. आरोग्यातल्या विषमतेचा अभ्यास म्हणून विद्यापीठांत जे शिकवतात, त्याचं खरं क्षेत्र हे अंतरच आहे. दप्तरात जे दिसत नाही आणि शरीरात आहे, ते मोजायचं कुणी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं 2015-16 मध्ये देशभरच्या 15 ते 49 वयाच्या महिलांना गर्भाशयाबद्दल विचारलं होतं. तेव्हा उत्तर आलं शंभरात सुमारे तीन. त्यांतल्या दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगीत झालेल्या. बीडच्या पाहणीचा वयोगट वेगळा, पद्धत वेगळी. त्यामुळं सरळ भागाकार करून ‘पाचपट’, ‘सहापट’ असे मथळे देणं घाईचं होतं, आणि ते दिले गेले. पण सगळी सूट देऊनही फरक एवढा उरतो, की तो योगायोग म्हणून सोडता येत नाही.

आता पाटोद्याकडं येऊ. हा बीड जिल्ह्यातला पाटोदा. भाषणांतून आणि मोबाईलच्या व्हिडिओंतून गाजलेलं भास्करराव पेरे पाटलांचं आदर्श गाव पाटोदा वेगळं, ते छत्रपती संभाजीनगरजवळचं. हा पाटोदा बालाघाटच्या डोंगररांगेतला तालुका. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीच्या डोंगरात उगम पावते आणि पुढं लातूर, कर्नाटक, तेलंगणापर्यंत पाणी नेते. उगमाचा तालुका मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. सौताड्याचा धबधबा बघायला पावसाळ्यात मोटारी येतात. दसरा सरला, की इथून ट्रक निघतात. माणसं भरलेले, वर भांडी, धान्याची पोती, शेळ्या, लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथं उसाचा फड असेल तिथं. परत येतात ते पाडव्याच्या पुढंमागं, कारखान्याचा पट्टा पडला की. वर्षातले पाच-सहा महिने गावात म्हातारे, थोडी लेकरं आणि बंद दारं.

आपली सारी आरोग्यव्यवस्था रहिवासावर उभी आहे. आशाताईची यादी गावातल्या घरांची. उपकेंद्राची लोकसंख्या गावातल्या डोक्यांची. गरोदर बाईची नोंद, लोहाच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण, सगळं ती कुठं राहते त्यावर. ऊसतोडीची बाई अर्धं वर्ष जिथं नोंदलेली आहे तिथं नसते आणि जिथं असते तिथं नोंदलेली नसते. फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, घरक्रमांक नसतो. त्यामुळं तिचं दुखणं पाटोद्याच्या दप्तरात येत नाही आणि सांगलीच्याही येत नाही. ही काही कुणाची खोडी नव्हे. दप्तराची रचनाच तशी आहे. म्हणूनच ती बदलायला कुणी आग्रह धरणारा लागतो.

गर्भाशयाची पिशवी काढायचा निर्णय कसा होतो, हे समजून घ्यायचं तर मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची वही वाचावी लागते. नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी कोयत्यामागं उचल मिळते, ती हंगामभर तोडून फेडायची. एखादा दिवस काम बुडालं की खाडा; त्याचे पैसे उचलीत चढतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त असतात. पहाटे, थंडीत, फडात उतरायचं. मोळी डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवरून चढायचं. पाणी लांब, आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कापड बदलायला जागा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर धरते. हंगामात दवाखाना म्हणजे खाडा, म्हणून दुखणं घरी परतेपर्यंत ढकललं जातं. परतल्यावर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खासगीत जायचं. तिथं सोनोग्राफी होते, आणि अनेकींनी समितीपुढं आणि पत्रकारांपुढं सांगितलं तसं, ‘पुढं कॅन्सर होईल’ हे वाक्य येतं. दोन लेकरं झालेली असतात, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही झालेलं असतं. मग पिशवी ठेवून करायचं काय? पैसे मुकादम देतो. ती झाली पुढच्या वर्षाची उचल.

या सगळ्यात ‘मुकादमानं जबरदस्तीनं पिशव्या काढायला लावल्या’ ही बातमी खपायला सोपी होती. देशातल्या इंग्रजी वृत्तपत्रांपासून 2024 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’पर्यंत बीडची बाई जगापुढं गेली, शीतपेयांच्या बड्या कंपन्यांना जाब विचारला गेला, आणि ते बरंच झालं. पण मुकादम हा एकच खलनायक ठरला की बाकी सगळे सुटतात. कमी वयाच्या बाईला तपासणीआधीच शस्त्रक्रियेचा सल्ला देणारा डॉक्टर सुटतो. स्त्रीरोगतज्ज्ञ नसलेलं ग्रामीण रुग्णालय सुटतं. तोडणी मजूर आमचा कामगारच नव्हे, तो मुकादमाचा, असं दशकानुदशकं म्हणणारा कारखाना सुटतो. आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलीचं लग्न लावून कोयता पुरा करणारं घर, जात, गावही सुटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या विवाहित-अविवाहित साऱ्या मुलींपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तिसाव्या वर्षी पिशवी गेलेल्या बाईची गोष्ट इथून सुरू होते, ऑपरेशनच्या टेबलावरून नव्हे. बातमी टेबलापाशी सुरू होऊन टेबलापाशी संपते. मागंपुढं जाऊन पाहणं संशोधकाचं काम.

असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या आणि जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगापैकी काही ना काही होतं; पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या केवळ 8 टक्के. तोवर जगभर गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच हिशेब होता. दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजून हे कधीच कळलं नसतं. न येणाऱ्यांकडं जावं लागलं. 2019 च्या बीडमधले दोन आकडे आणि 1989 चे हे दोन आकडे एकच गोष्ट सांगतात. फरक इतकाच, की गडचिरोलीत आकडा काढणारे तिथंच राहिले. बीडमध्ये आकडा काढणारी समिती होती. समितीचं काम अहवाल देऊन संपतं.

समितीनंतर काय झालं? गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं बीडमधल्या खासगी रुग्णालयांना बजावलं गेलं. केंद्रानं 2022 मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. राजस्थानातल्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल 2023 मध्ये त्या सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सर्व राज्यांना सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार महामंडळ झालं, भगवानबाबांच्या नावानं मुलांसाठी वसतिगृहांची योजना आली, जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. कागदावर बरंच आहे, आणि कागदावर आहे म्हणून त्याला हिणवायचं कारण नाही.

पण पाटोद्याचा नकाशा उघडा. सौताड्यावरून जामखेड जवळ आहे; बीड कितीतरी लांब. जामखेड अहिल्यानगर जिल्ह्यात. बीडच्या शल्यचिकित्सकांची परवानगी बीडच्या हद्दीपुरती. हंगामात बाई सांगलीत किंवा बेळगावकडं असते. तिथल्या दवाखान्यात तिचं काही झालं, तर बीडच्या आकड्यांत ते उतरणारच नाही, आणि पुढच्या आढाव्यात ‘प्रमाण घटलं’ असं दिमाखानं लिहिता येईल. प्रमाण खरंच घटलं, की शस्त्रक्रिया हद्दीपलीकडं गेली? याचं उत्तर रुग्णालयाच्या यादीतून निघत नाही. परत बाईच्याच दारात जावं लागतं, आणि दरवर्षी जावं लागतं.

माझं म्हणणं इथून पुढं आहे. बीडच्या प्रश्नाला संशोधन कमी पडलं, अशी तक्रार नाही. संशोधक भरपूर येतात. प्रकल्प मिळतो, प्रश्नावली छापली जाते, उन्हाळ्यात चार गावं होतात, शोधनिबंध निघतो, परिषदेत वाचला जातो. पाळी कधी सुरू झाली, लग्न कधी झालं, पांढरं जातं का, ऑपरेशन कुठं केलं, किती पैसे लागले: अनोळखी माणसापुढं या गोष्टी सांगणं सोपं नसतं. एकाच वस्तीतल्या बायकांनी त्या पत्रकाराला सांगितल्या, संस्थेला सांगितल्या, पाहणीवाल्या ताईला सांगितल्या, एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्यालाही सांगितल्या. त्यांच्याकडं निष्कर्ष घेऊन परत कोण आलं? संशोधनाची नीतिसमिती संमतीपत्रावर अंगठा आहे का ते बघते. परत जाण्याचा रकाना तिच्या अर्जात असतो, पण तो भरला नाही म्हणून कुणाची पीएच.डी. अडलेली ऐकिवात नाही.

आणि जे खरोखर शोधायला हवं, ते तीन वर्षांच्या प्रकल्पात मावत नाही. तिसाव्या वर्षी गर्भाशय गेलेल्या बाईचं पन्नासाव्या वर्षी काय होतं? अंडाशयं काढली असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते; ठेवली तरी पुष्कळदा ती लवकर येते. हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ही वैद्यकातली माहिती आहे. पण ज्या अभ्यासांतून ती आली, त्यांतल्या बायका ऑपरेशननंतर विश्रांती घेणाऱ्या, पुढं गोळ्या घेणाऱ्या होत्या. पाटोद्याची बाई ऑपरेशन उन्हाळ्यात करते आणि दसऱ्याला मोळी उचलते. तिच्या हाडांचं काय झालं ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. ती किती वर्षं कोयता चालवू शकली? ती थकल्यावर जोडी पुरी करायला घरातली कोणती मुलगी शाळेतून काढली? उचल फिटली की सुनेच्या नावावर गेली? 13,861 जणींच्या मागं वीस-तीस वर्षं चिकाटीनं राहिलं तरच हे कळेल.

इतका काळ कोण राहू शकतं? जिल्हाधिकारी तीन वर्षांत बदलतो, पुष्कळदा त्याआधीच. आमदाराची मुदत पाच वर्षं. देणगीदार संस्थांचे अग्रक्रम बदलतात. पत्रकाराला पुढची बातमी असते. आपल्या समाजात एकच नोकरी अशी आहे, की जिच्यात माणसाला तीस वर्षं एकाच विषयावर विचार करण्याचा पगार मिळतो: प्राध्यापकाची. समाजकार्याच्या प्राध्यापकाची तर खासच, कारण त्याच्या विषयात क्षेत्रकार्य हे अभ्यासक्रमाचंच अंग आहे. दरवर्षी नवे विद्यार्थी, दरवर्षी तीच गावं. पंचवीस-तीस तुकड्या त्याच वस्त्यांत, त्याच घरांत गेल्या तर जगाला हेवा वाटावा असा अभ्यास उभा राहील, आणि खर्च एसटीच्या पासाचा.

आपल्याकडं उसाच्या धंद्यात विद्वान राहिलेले आहेत, हे सोयीनं विसरलं जातं. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. अर्थशास्त्राचा प्राध्यापक ऊस उत्पादक शेतकऱ्यामागं वर्षानुवर्षं उभा राहिला, हिशेब लावला, घटना लिहिली, सरकारशी भांडला. त्यातून पश्चिम महाराष्ट्र घडला, असं आपण अभिमानानं सांगतो. तोच ऊस तोडणाऱ्या माणसामागं असा प्राध्यापक उभा राहिला नाही. तोडणारा सभासद नव्हता, मतदार होता तो दुसऱ्या जिल्ह्यात, आणि वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध अशा समाजांतला होता. ज्ञानही सभासदांच्याच पंगतीला बसलं. हे कटू वाटेल, पण सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर दुसरं काय दिसतं?

पाटोद्याच्या शेजारी जामखेडला काय घडलं, तेही बघावं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथं काम सुरू केलं. शिकलेली परिचारिका खेड्यात टिकत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, पोषण, औषधं शिकवली, आणि आपल्या गावचा हिशेब ठेवायलाही शिकवलं: किती जन्म, किती मृत्यू, कोण आजारी. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरातून लोक शिकायला आले. पाटोद्याच्या सीमेवरून दिसावं इतकं जवळ हे सगळं झालं. ज्या बाईला सही येत नाही ती गावाची आरोग्य नोंदवही ठेवू शकते, हे जामखेडनं पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केलेलं असताना आपण अजून बाहेरून प्रश्नावली पाठवतो. टोळीत एखादी बाई अशी का असू नये, जी टोळीबरोबर फडावर जाईल, सहा महिन्यांची नोंद ठेवेल आणि पाडव्याला परत आल्यावर ती उपकेंद्रात देईल? गाव रिकामं होतं ही अडचण तिथल्या तिथं सुटते, कारण मोजणारी व्यक्तीच स्थलांतर करते. ‘आरोग्य साथी’ म्हणून ऊसतोड महिलांना तयार करण्याचे प्रयोग बीडमध्ये झालेलेही आहेत. प्रयोग झाला की तो प्रयोग म्हणूनच का मरतो, एवढाच प्रश्न आहे.

मरू नये म्हणून काय करावं लागतं, याचा एक चांगला दाखला समाजकार्याच्या शिक्षणातच आहे. 1936 साली मुंबईत सुरू झालेली आणि पुढं टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपाला आलेली शाळा ही देशातली समाजकार्याची पहिली. या संस्थेनं 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्यात येते तेव्हा तिथं तिच्या बाजूनं बोलणारी समाजकार्यकर्ती बसलेली असावी, एवढीच कल्पना. वर्षानुवर्षं शिक्षक आणि विद्यार्थी त्यात राबले, नोंदी ठेवल्या, सरकारच्या मागं लागले. शेवटी राज्य सरकारनं तो राज्यभर नेला. आज कुठल्यातरी जिल्ह्यात त्या कक्षात बसलेल्या बाईला तो कुणाच्या अभ्यासातून निघाला हे ठाऊक नसतं. त्यानं काही बिघडत नाही. समाजकार्याच्या प्राध्यापकाची कारकीर्द मोजायची असेल तर अशी मोजावी. किती निबंध लिहिले ते नंतर बघू. तो निवृत्त झाल्यावर कुठलं टेबल चालू राहिलं ते आधी.

आता हे तीस वर्षांचं काम करायला माणूस कुठून आणायचा? इथं आपलं पितळ उघडं पडतं. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतून समाजकार्य, समाजशास्त्र शिकवणारी कित्येक मंडळी तासिका तत्त्वावर आहेत. तासाप्रमाणं मानधन, तेही महिनोन् महिने रखडलेलं, पुढच्या वर्षी नेमणूक मिळेल याची खात्री नाही. फडावरची टोळी आणि स्टाफरूममधली ही टोळी, दोन्ही हंगामीच. नामवंत संस्थांतही बरं आहे असं नाही. जून 2024 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेनं मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी इथल्या मिळून शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना कमी केल्याची पत्रं दिली. त्यांतले काही दहा वर्षांहून अधिक काळ शिकवत होते. निधीचं आश्वासन मिळाल्यावर पत्रं दोन दिवसांत मागं घेतली गेली. मागं घेतली हे चांगलं. पण ज्याच्या हाती असं पत्र एकदा पडलं, तो पुढच्या तीस वर्षांचा अभ्यास आखील कशाला? तो दोन निबंध आधी छापून घेईल. शहाणपण त्यातच आहे.

आणि ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनाही व्यवस्था वेगळ्याच वाटेनं नेते. बढतीला गुण आहेत, गुण नियतकालिकांतल्या निबंधांना आहेत, आणि त्यांतली बहुतेक नियतकालिकं इंग्रजी. पाटोद्याच्या ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवलेल्या अहवालाला गुण नाहीत. शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात सतरा खेटे घालून एक रकाना वाढवून घेतला तर त्यालाही नाहीत. मग प्राध्यापक गावात थांबत नाही म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्याला गुण मिळतात ते तो करतो, मजूर जसा टनावर तोडतो तसा.

तेव्हा मागणी साधी आहे. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर आहे, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, ऊसतोड कामगारांच्या नावानं महामंडळ आहे आणि त्या महामंडळाकडं उसाच्या टनामागं कारखान्यांकडून पैसा जमा व्हावा अशी तरतूद आहे. या तिघांनी मिळून एक कायम पद निर्माण करावं: ऊसतोड महिलांच्या आरोग्याच्या अभ्यासाचं, मुख्यालय पाटोदा. नेमणूक निवृत्तीपर्यंत. कामाची अट एकच, 2019 च्या पाहणीतल्या आपल्या तालुक्यातल्या बायकांकडं दरवर्षी पाडव्यानंतर जायचं, आणि जे सापडलं ते दसऱ्याआधी त्यांच्याच गावात, मराठीत, त्यांच्यासमोर मांडायचं. टोळीतल्या नोंद ठेवणाऱ्या बायकांना याच पदाच्या निधीतून मानधन द्यावं. फुकट सेवेची अपेक्षा त्यांच्याकडून तरी कुणी करू नये. 2019 साली लग्न झालेली पंधरा वर्षांची मुलगी 2049 मध्ये पंचेचाळीस वर्षांची असेल, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला आज नेमलेला तिशीतला प्राध्यापक तेव्हा नुकताच निवृत्तीला आलेला असेल. हिशेब बरोबर जुळतो. पद मंजूर करणारा शासननिर्णय तेवढा निघायचा आहे.